उन्हात वाळवलेली काच

नाशिकहून पेठला जाणारा रस्ता डोंगरात शिरण्याआधी जरा दम खातो, तिथे आमचं करंजओहोळ आहे. गावाला सरकारी दवाखाना आहे. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली आहे आणि त्या खोलीला दक्षिणेकडे तोंड करून एक मोठी खिडकी आहे. त्या खिडकीला आज आतून काळा कागद चिकटवलेला आहे. नव्या माणसाला वाटतं, काच फुटली असेल. काच धड आहे. तो कागद सावळीरामने लावला. का लावला ते मी सांगणार आहे, पण माझ्या चालीने सांगणार. हा माणूस आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावून बसला, कधी घाई केली नाही त्याने. त्याची गोष्ट घाईघाईत सांगितली तर ती त्याची राहणार नाही.

सावळीराम त्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली, आमच्या बोलीत दुर्बिणीत, थुंकी तपासायचा. सरकारी कागदावर त्याच्या हुद्द्याला मोठं नाव होतं, गावात मात्र त्याला ओळखायचे बोटांवरून. उजव्या हाताची तीन बोटं कायम लाल. त्याच्या लग्नात हळद लावताना बायका हसल्या होत्या, नवरदेवाने आधीच मेंदी काढलीय म्हणून. तो क्षयाच्या तपासणीचा रंग होता. साबणाने जात नव्हता, लिंबाने जात नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो घालवावा असं सावळीरामलाही कधी वाटलं नाही.

त्या लाल रंगाची एक रीत होती. खोकल्याच्या माणसाचा बेडका काचेच्या पट्टीवर पातळ सारवायचा. अंगण सारवताना हात जसा गोल फिरतो तसाच. मग त्यावर लाल रंग ओतायचा आणि खालून स्पिरिटचा बोळा पेटवून फिरवायचा. वाफ निघाली पाहिजे, उकळी फुटता कामा नये. चुलीवरचं दूध सांभाळणाऱ्या बाईला हे लगेच कळेल. नंतर ॲसिडने धुवायचं. धुतल्यावर सगळ्याचा लाल रंग निघून जातो, क्षयाच्या जंतूचा तेवढा जात नाही. तो हट्टी असतो, धरलेला रंग सोडत नाही. वरून निळा रंग दिला की निळ्या रानात लाल काड्या पडल्यासारख्या दिसतात. एक जरी दिसली तरी माणसाला औषध सुरू. दिसली नाही तर लगेच उठायचं नाही. काच इकडून तिकडे सरकवत, पुन्हा पुन्हा जागा बदलून शोधायचं.

आणि या सगळ्याच्या मध्ये एक काम असायचं वाळवायचं. धुतलेल्या काचा सावळीराम खिडकीतल्या लाकडी घडवंचीवर तिरप्या उभ्या करायचा. दक्षिणेचं ऊन थेट त्यांच्यावर. गोटीरामबाबा, आमच्या गावचा सगळ्यांची फिरकी घेणारा म्हातारा, खिडकीशी थांबून विचारायचा, "काय रे सावळ्या, झाले का पापड? दोन इकडं दे, तळून खातो."

"तुमचाच पापड हाय बाबा," आतून उत्तर यायचं, "खारट लागंल."

हा झाला सावळीराम. आता त्याची वहिनी.

पुतळाबाई गेणूची बायको होऊन या घरात आली तेव्हा सावळीराम शाळेत होता आणि त्याची आई वारलेली होती. गेणू थोरला, मळ्यात राबणारा, मोजकं बोलणारा. ओहोळाच्या पलीकडे त्यांचा मळा. भाजीपाला आणि झेंडू. झेंडू पुतळाबाईच्या हाताला लागायचा. तिने लावला की येणारच. पहाटे तोडलेली फुलं ती आंब्याखाली ओतायची आणि वरून ओलं पोतं टाकायची. नाशिकच्या फूलबाजारात तिच्या मालाला गिऱ्हाईक थांबायचं, कारण फूल तोडल्यासारखं दिसायचंच नाही. एकदा लहानग्या सावळीरामने फुलांची पाटी बांधावर उन्हातच ठेवली आणि तो पोहायला गेला. परत आला तर वहिनी कंबरेवर हात ठेवून उभी. तिने मारलं नाही. सबंध पाटी त्याच्यापुढे ओतली आणि म्हणाली, "भाऊजी, आता यातलं एक तरी फूल देवाला घालून दाखवा."

त्याला नाशिकला शिकायला धाडलं तेही तिनेच. गेणूचं म्हणणं होतं, पोराने औताला हात लावावा. पुतळाबाई म्हणाली, "माळा गुंफताना सुईत दोरा पहिल्या झटक्याला ओवतो तो. माझे डोळे फुटायची वेळ येते. ज्याला सुईचं नाक दिसतं, त्याला औताच्या मागं कशाला लावता?" गेणू दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच त्याची पेटी एसटीवर चढवून आला.

असा सावळीराम शिकून गावातच नोकरीला लागला. डॉक्टर यायचे, बदलून जायचे. सावळीराम राहिला. हळूहळू गावात आणि डोंगरातल्या पाड्यांवर एक बोलणं रुळलं. कुणी खोकत असलं, कुणाला सायंकाळी ताप येत असला, तर लोक एवढंच विचारायचे, "सावळीरामनं पाहिलं का?" त्याने पाहिलं आणि काही नाही म्हणाला, की घरात चूल पेटायची, जेवण व्हायचं. मी हे अभिमानाने सांगतो. त्या लाल बोटांवर आमच्या गावाने भार टाकला होता आणि बोटांनी तो पेलला होता.

कोरोनाच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. दवाखान्यात नवी दुर्बीण आली आणि तिच्याबरोबर नवा रंग आला. पिवळा. या पिवळ्याला जाळ लागत नाही. काचेवर ओतायचा, थांबायचं, धुवायचं, मग एक जांभळं पाणी द्यायचं की बाकी सगळं विझून जातं. नव्या दुर्बिणीत निळसर उजेड असतो. त्या उजेडात क्षयाचा जंतू चमकतो, काळ्या रात्री काजवा चमकावा तसा, पिवळा-हिरवा. मोठं भिंग लागत नाही, तेलाचा थेंब लागत नाही. एका नजरेत पुष्कळ जागा दिसते, म्हणून थोडे जंतू असले तरी सापडतात आणि वेळही कमी लागतो.

याचं शिक्षण नाशिकला झालं. सावळीराम शेवटच्या रांगेत बसला होता. ते दिवस आठवले की तो आजही खाली बघतो. "मन लागत नव्हतं," तो मला म्हणाला. "पुढचा साहेब सांगत होता, लाल रंगात चुकतं, राहून जातं. मला वाटत होतं, माझ्या आयुष्याविषयीच बोलतोय." त्या बोलण्यात साहेबांनी सांगितलं, काचा अंधारात ठेवा. सावळीरामने अंधार हा शब्द ऐकला आणि त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. त्याला वाटलं, सिनेमाच्या थेटरात असतो तसा हा अंधार आहे. पडदा नीट दिसावा म्हणून, बघणाऱ्याच्या डोळ्यासाठी. गावी आल्यावर त्याने दुर्बिणीच्या कोपऱ्याला काळं कापड लावून घेतलं, स्वतःच्या डोळ्यांसाठी. खिडकीतली घडवंची जिथे होती तिथेच राहिली. वर्षानुवर्षं काचा तिथेच वाळत आल्या होत्या. हात आपोआप तिकडे वळायचा.

रोजच्या कामात त्यामुळे काही बिघडलं नाही. काचा वाळायच्या आणि तो लगेच वाचायला घ्यायचा. उलट पहिल्याच महिन्यात असं घडलं की सावळीरामचा रुसवा गेला. गोटीरामबाबाला महिनाभर खोकला होता. लाल रंगात काही दिसलं नव्हतं. पिवळ्यात पाहिलं तर दोन-चार काजवे, अगदी विरळ, पण स्पष्ट.

"म्हणजे माझा टीबी अंधारातला निघाला म्हणायचा!" बाबा म्हणाला. "दिवसा तोंड दाखवीना, चोर!"

बाबा औषध घेऊन बरा झाला. सावळीरामने मान्य केलं की नवा रंग जास्त बघतो. तो मोठ्या मनाचा माणूस. मान्य केलं ते पूर्ण मान्य केलं. लाल रंगात काही नाही दिसलं, तर पूर्वी तो म्हणायचा, "आठ दिवसांनी परत ये, पुन्हा बघू." पिवळा आल्यापासून तो तसं म्हणेना. पिवळ्यात नाही म्हणजे नाहीच, हा त्याचा नवा विश्वास. जुन्या रंगाने त्याला शंका घ्यायला शिकवलं होतं आणि नव्या रंगाने ती शंका त्याच्याकडून काढून घेतली.

चैत्रात पुतळाबाई खोकायला लागली. आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग सायंकाळी अंग कसकसायला लागलं तेव्हा सावळीरामनेच तिला डब्या दिल्या. एक थुंकी तिथल्या तिथे, दुसरी सकाळी उठल्याबरोबरची. दुसऱ्या दिवशी ती ओहोळ ओलांडून आली, पदराखालून डबी काढली आणि पुढे धरली.

"घ्या भाऊजी. वहिनीचा प्रसाद."

"झाकण घट्ट लाव गं बाई!"

"लय घाण वाटती का? तुमचं नाक पुसलंय मी याच पदरानं."

तो हसला. दोन्ही काचा सारवल्या, पिवळा रंग दिला, धुतल्या, घडवंचीवर उभ्या केल्या. शेजारी त्याच दिवशीच्या आणखी काही काचा. वाळतात न वाळतात तोच वीज गेली. नव्या दुर्बिणीची बॅटरी त्याआधीच बसलेली होती. त्या दिवशी आठवड्याचा बाजार. वायरमन कुठल्याशा पाड्यावर खांबावर चढलेला. सावळीरामने वाट पाहिली, बाजारात जाऊन आला, परत वाट पाहिली. काचा घडवंचीवर उभ्याच होत्या. चैत्राचं ऊन खिडकीतून आत येत होतं आणि त्यांच्यावरून हळूहळू सरकत होतं. वीज आली तेव्हा बायका बाजारातून परतत होत्या.

त्याने काळ्या कापडाआड डोळा लावला. पुतळाबाईच्या दोन्ही काचा काळ्या. एक काजवा नाही. पुन्हा पाहिल्या, परत काळ्या. त्याला भरून आल्यासारखं झालं, आनंदाने. शेजारची काच एका जुन्या पेशंटची होती, औषध चालू असलेल्या. तीही जवळजवळ रिकामी होती. सावळीरामला वाटलं, औषधाला गुण आला. एकाच दिवशी दोन चांगल्या बातम्या.

तो स्वतः मळ्यात सांगायला गेला. "वहिनी, काही नाही. तांबड्यात पाहिलं असतं तर म्हणालो असतो, पुन्हा बघू. पण हे पिवळ्यात पाहिलंय. पिवळ्यात नाही म्हणजे नाहीच."

"मी म्हणतच व्हते," पुतळाबाई म्हणाली. "चुलीचा धूर हाय."

खोकला गेला नाही. तेव्हा दवाखान्यात साधना मॅडम डॉक्टर होत्या, शांत आणि कामाच्या. त्यांनी पुतळाबाईची छाती तपासली, औषध दिलं, आणि पंधरा दिवसांनी म्हणाल्या, "पुतळाबाई, थुंकीत काही नाही, तरी एकदा नाशिकला जाऊन छातीचा फोटो काढा. तिथे यंत्रावरही थुंकी तपासतात."

"कशाला मॅडम? भाऊजींनी पाहिलंय."

मॅडमनी सावळीरामकडे पाहिलं. तो दारातच उभा होता.

एवढाच तो क्षण. मला तो सावळीरामने पुन्हा पुन्हा सांगितला आहे, दरवेळी जणू मी पहिल्यांदा ऐकतोय असा. त्याने म्हणायचं होतं, जा वहिनी, काढून ये फोटो. त्याच्या एका शब्दावर ती एसटीत बसली असती. पण मॅडमच्या नजरेत त्याला आपल्या कामावरचा संशय दिसला. तो संशय नव्हताच, नुसती विचारणा होती. तो म्हणाला, "मी दोनदा पाहिलंय, मॅडम."

मॅडमनी पुढच्या पेशंटला हाक मारली. पुतळाबाई त्याच्याकडे बघून हसली. दिराने आपलं बोलणं खरं करून दाखवल्यासारखी.

मग पाऊस आला. रोपं लावायची वेळ आली. दसऱ्याला झेंडू यायचा तर पावसाळ्यात कुणाला बसता येतं? पुतळाबाई वाळत चालली. चोळ्या सैल झाल्या. वाफ्याच्या मध्यावर ती थांबायची आणि खुरप्यावर हात टेकून खोकायची. गेणू एकदा दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. "सावळ्या, परत बघतोस का रे?"

"बघू की, दादा. वहिनीला फुरसत झाली की पाठव."

फुरसत तिला झाली नाही आणि डबी घेऊन मळ्यात तोही गेला नाही. पाहिलेलं पुन्हा काय पाहायचं, असं मनाच्या तळाशी होतं. दसरा झाला. त्या वर्षीचा झेंडू फार सुरेख आला होता.

दसऱ्यानंतर हर्षल आला. तो नाशिक रोडच्या कॉलनीत वाढलेला पोरगा, तालुक्यातल्या सगळ्या दुर्बिणी तपासत मोटरसायकलवर फिरायचा. सावळीरामला काका म्हणायचा आणि त्याच्याकडून जुन्या काळच्या गोष्टी ऐकायचा. चहाचा कप हातात घेऊन तो खिडकीशी गेला आणि थांबला.

"काका, या काचा इथे कशाला?"

"वाळायला."

"पिवळ्याच्या आहेत ना?"

"हो. का?"

"अहो, हा रंग उजेडात मरतो. धुतल्यापासून अंधारात ठेवायचा. डब्यात, नाहीतर काळ्या कागदाखाली."

"मी लगेच वाचतो ना पण. वाळली की वाचली."

"मग फारसं बिघडायचं नाही," हर्षल म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. "कधी दिवसभर राहिली नाही ना उन्हात?"

सावळीराम सांगतो, त्याला आधी वायरमन आठवला. खांबावर चढलेला वायरमन. मग बाजार. मग त्या काळ्या, अगदी काळ्या काचा.

हर्षल गेल्यावर त्याने काचांच्या पेट्या काढल्या. पेटी भरेपर्यंत तो काचा टाकत नसे, म्हणून त्या दिवशीच्या सापडल्या. आता जे त्याने केलं ते कुणी सांगितलेलं नव्हतं, पण त्याच्या हातांना माहीत होतं. पिवळा रंग मेला तरी जंतू काचेवरच असतो. त्याला दुसरा रंग देता येतो. त्याने पुतळाबाईची काच घेतली आणि किती दिवसांनी जुनी लाल बाटली उघडली. रंग ओतला. स्पिरिटचा बोळा पेटवला. वाफ निघाली, उकळी फुटू दिली नाही. ॲसिड, पाणी, निळा रंग. काच वाळायला घडवंचीकडे हात गेला आणि मध्येच थांबला. मग त्याने ती हातातच धरली, फुंकर घालत, वाळेपर्यंत.

तेलाचा थेंब टाकून त्याने जुन्या दुर्बिणीत पाहिलं. शोधावं लागलं नाही. निळ्या रानात लाल काड्याच काड्या होत्या.

दुसऱ्या दिवशीच पुतळाबाईची नवी थुंकी घेतली, तीही भरलेली. औषध सुरू झालं. या वेळी नाशिकला फोटोही काढला. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि डाव्या बाजूवर बोट ठेवलं. म्हणाले, जंतू मरतील, पण ही बाजू परत येणार नाही. चार-सहा महिने आधी आणायला हवं होतं. गेणूने मान हलवली. सावळीराम खुर्चीच्या मागे उभा होता, त्याने खुर्चीची पाठ धरली.

मॅडमना त्याने सगळं सांगितलं. हर्षललाही. त्या दिवशीच्या सगळ्या काचा पुन्हा लाल करून पाहिल्या. त्या जुन्या पेशंटच्या काचेवरही जंतू निघाले, पण पुढच्या नेमाच्या तपासणीत तो आधीच सापडला होता आणि त्याची औषधं बदलली होती. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी तेव्हा आग्रह धरायला हवा होता." सावळीरामला ते जास्त लागलं.

राहिली पुतळाबाई. तिला सांगायचं राहिलं होतं.

औषध न्यायला ती दवाखान्यात यायची. ओहोळ ओलांडताना तिला आता दोनदा बसावं लागायचं. एक दिवस ती खोलीत आली, स्टुलावर टेकली, दम गोळा केला आणि म्हणाली, "भाऊजी, मला दाखवा की तो. कोण हाय तो मेला, बघू तरी."

सावळीरामने तिची नवी काच बाजूला ठेवली आणि पेटीतून चैत्रातली काढली. ठरवूनच काढली. तेल टाकलं, भिंग नीट केलं आणि सरकला.

पुतळाबाईने डोक्यावरचा पदर मागे घेतला. एक डोळा मिटला, मग चुकून दोन्ही मिटले, मग पुन्हा उघडला. बराच वेळ तिला काही उमगेना. मग ती एकदम हरखून म्हणाली, "दिसलं! लाल लाल काड्या. हेच का? मला बी दिसलं की, भाऊजी!"

सुईत दोरा ओवता येत नव्हता त्या बाईला.

"ही चैत्रातली काच आहे, वहिनी," तो म्हणाला. "तू पहिल्यांदा दिलेली."

तिने डोळा काढला नाही. "मंग तवा का नाय दिसलं?"

"पिवळा रंग दिला होता. वीज नव्हती. दिवसभर उन्हात राहिली. उन्हाने रंग उडाला."

पुतळाबाई हळूच मागे सरकली. खिडकीकडे पाहिलं, तिथल्या घडवंचीकडे पाहिलं. उन्हाचा एक पट्टा अजून तिच्यावर पडला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "झेंडू तरी आपण उन्हात ठेवतो का?"

रागाने नाही म्हणाली. मारलं नव्हतं तेव्हा, तशीच आताही. सावळीराम म्हणतो, तिने त्या वेळी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी आज झोपलो असतो.

तो तिच्या पायाशी बसला. काहीतरी बोलत राहिला, माफीचं. तिने थोडा वेळ ऐकलं.

"पुरे. मी आता काय करू मंग? तुमच्यावर रुसू? रुसायला बी दम लागतो, भाऊजी." मग खोकला आला, तो तिने पदरात घेतला आणि ती सावकाश बोलली. "यांना सांगितलं का?"

"दादाला? सांगणार आहे. सगळ्या गावाला सांगणार."

"नाय सांगायचं. मी हाय तवर नाय. पाड्यावरच्या बाया थुंकी द्यायला आधीच लाजतात. तुमच्या नावावर येतात त्या. उद्या नाव गेलं तर घरातच खोकत बसतील. माझं झालं ते झालं."

त्याच संध्याकाळी सावळीरामने खिडकीला आतून काळा कागद चिकटवला. आणि हा शब्द त्याने पाळला. तिच्या जिवंतपणी पाळला, आणि तो पाळणं ही त्याची शिक्षा झाली. कारण पुतळाबाई जंतूंतून बरी झाली, थुंकी स्वच्छ आली, आणि मळ्यात आंब्याखाली खाटेवर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या भाऊजींनी धरला माझा आजार. बाकी कुणाच्यानं झालं नसतं." सावळीराम समोर असला की जास्तच मोठ्याने. त्यात टोमणा होता की माया, हे त्याला कधी कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. दोन्ही असेल, असं मला वाटतं. घरच्या बायकांच्या बोलण्यात दोन्ही असतं.

वाफ्यांपर्यंत ती पुन्हा कधी गेली नाही. खाटेवरूनच झेंडू बघायची, कोणत्या ओळीला पाणी कमी पडलं ते तिथूनच ओरडायची, आणि ओरडून झालं की बराच वेळ गप्प बसायची. दोन उन्हाळे तिने काढले. तिसऱ्या थंडीत साधी सर्दी झाली आणि उरलेल्या एका बाजूला ती पेलली नाही.

सरण रचलं तेव्हा ओहोळाकाठी सगळा गाव होता. गोटीरामबाबा काठी टेकत सावळीरामपाशी आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या डोळ्यांनी दोन वर्षं जास्त दिली रे तिला." लोकांनी माना डोलावल्या. सावळीराम पुढे झाला आणि त्याने सरणावर एक लाकूड ठेवलं. ती अजून गेलेली नव्हती, समोर होती. तिचा शब्द अजून चालू होता.

गेणूला त्याने तेराव्यानंतर सांगितलं. गेणूने सगळं ऐकून घेतलं, उठला, गोठ्यात गेला, बैलांना वैरण टाकली. परत आल्यावर म्हणाला, "तिला ठाऊक व्हतं का?"

"हो."

"मंग मला कशाला सांगतोस?" आणि पुन्हा गोठ्यात गेला. भावाभावांचं बोलणं चालू आहे, पण ती गोष्ट त्यांच्यात पुन्हा निघाली नाही.

सावळीराम आता निवृत्त झाला. तालुक्याला यंत्र आलं, नमुने तिकडे जातात. लाल आणि पिवळ्याचा वाद आता जुन्या माणसांच्या गप्पांत उरला. त्याच्या जागी सायली नावाची मुलगी आहे. ती म्हणते, काकांनी खिडकीचा कागद काढू नको म्हणून सांगितलंय, कारण विचारलं की दुसरंच बोलतात. कारण त्याने मला सांगितलं, आणि म्हणाला, "आता लिही. माझं नाव लपवू नको. ती असताना गप्प राहिलो, आता राहवत नाही." बोटांवरचा लाल रंग एवढ्या वर्षांनी निघून गेला आहे. हात दाखवताना तो ती तीन बोटं आत मुडपतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो पहाटे मळ्यात जातो. गेणूच्या सुना फुलं तोडतात, पाट्या भरून आंब्याखाली ओततात. ओलं पोतं सावळीराम टाकतो. ते काम तो कुणाला करू देत नाही. मग तिथेच रिकाम्या खाटेच्या कडेला टेकून बसतो, नाशिकची गाडी येईपर्यंत. ऊन वर चढतं, सावली सरकते. सावली सरकली की तो उठतो, ढीग आत ओढतो, पोत्यावर पाणी मारतो आणि पुन्हा येऊन बसतो.